न मोजलेला हात

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि मावशीला नमस्कार. मावशीचा गुडघा आता कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक.

आई रोज संध्याकाळी विचारते, "मावशीच्या घरात दोन सुना असताना हिलाच का जावं लागलं गं?" मी खाली मान घालून भाजी निवडत बसते. बाबा पेपराआडून म्हणतात, "राणीसरकार दमल्या असतील. येतील." तुझा कप ते कुणाला देत नाहीत. चहा पिताना तुझी डावी करंगळी ताठ बाहेर राहते म्हणून त्यांनी तुला हे नाव ठेवलं, आणि आपण सगळे इतकी वर्षं त्यावर हसत आलो. ते बोट लहानपणी दारात सापडलं होतं, हे घरात आता कुणाला आठवतही नसेल.

ऑफिसचं सांगायचं तर नव्या कीबोर्डवर बहुतेकींचा हात बसला. तीन नंबरच्या जागेवरच्या चष्मेवालीने मनगटाचा पट्टा काढून ठेवला. म्हणजे निवड अगदीच वाईट नव्हती. ही मी सबब सांगत नाहीये. पण सांगतेच आहे बहुतेक.

ते मी कसे निवडले हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू कामावरून आलीस की मनगटं कोमट पाण्यात धरून बसायचीस आणि मी शेजारी अभ्यास करायचे. तुझ्या टायपिंगवर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि तुझ्याच ऑफिसात कर्मचारी कल्याणाच्या टेबलावर येऊन बसले. पहिलंच काम मिळालं ते हे, की टायपिस्टांच्या हाताला त्रास होणार नाही असे कीबोर्ड निवडा. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं.

चार दुकानं पालथी घातली. बटणं हलकी हवीत, पण बोट नुसतं टेकलं तर अक्षर उमटायला नको. कीबोर्ड बुटका हवा, म्हणजे मनगट वर मुडपत नाही. शेवटी दोन तुकड्यांचा घेतला. डाव्या हाताचा तुकडा वेगळा, उजव्याचा वेगळा, मध्ये वीतभर मोकळी जागा, म्हणजे खांदे आखडत नाहीत. त्याआधी फूटपट्टी घेऊन एकोणीस जणींचे हात मोजले, कुठलं बोट किती वाकतं ते लिहून घेतलं. राहिलीस फक्त तू. यादीत तुझ्या नावापुढे मी लिहिलं, "माहीत आहे."

ऑफिसात नातं आणायचं नाही, हा नियमही माझाच. तू बाई, मी मॅडम. तेव्हा तू हसून म्हणाली होतीस, "बरं मॅडम, डबा मात्र माझ्याच पिशवीतला खायचा."

नव्या कीबोर्डवर पहिले दोन आठवडे सगळ्यांचाच वेग पडला. मग बाकीच्या सावरल्या, तू सावरली नाहीस. भिंतीवरच्या वेगाच्या यादीत अकरा वर्षं पहिलं असलेलं नाव तळाला गेलं. तू माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणालीस, "मला माझा जुनाच राहू दे. याच्यावर हात पोचत नाही." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सवय होईल, बाई. एकीसाठी वेगळा नियम करता येत नाही." वर समानतेवर चार वाक्यंही ऐकवली. तू म्हणालीस, "बरं, मॅडम." या वेळी हसली नाहीस.

पुढच्या सोमवारी सुपरवायझरने तुला कागदांचे गठ्ठे बांधायला बसवलं. शुक्रवारी मावशीचा गुडघा पुढे करून तू बॅग भरलीस.

एवढं लिहूनही जे टाळत होते ते राहिलंच. ताई, मला दिसलं होतं. त्या दिवशी "बरं, मॅडम" म्हणून तू जागेवर जाऊन बसलीस, तेव्हा तुझा उजवा हात ती मधली जागा ओलांडून डाव्या तुकड्यावर जात होता आणि परत येत होता. त्या ताठ डाव्या करंगळीच्या वाट्याची बटणं तू अकरा वर्षं उजव्या हाताने दाबत आलीस, इतक्या झटपट की शेजारणीलाही कळलं नाही. अखंड कीबोर्डवर ते झाकून जात होतं. माझ्या वीतभर जागेने ते उघडं पाडलं. मला तिथेच समजलं, पण चुकले म्हणायला जीभ रेटेना. साहेबांनी माझं कौतुक करून दोनच दिवस झाले होते. मी अहवालात लिहिलं, "एका टायपिस्टची जुनी वाईट सवय सुटत नाही." ज्या सवयीवर माझं कॉलेज झालं, तिला मी हे नाव दिलं.

काल सकाळी सगळ्या आल्यावर मी खोलीत उभी राहिले आणि सांगितलं, सात नंबरवर बसायची ती माझी सख्खी ताई, आणि तिचा हात मी मोजला नाही. चष्मेवाली म्हणाली, "दोघींची नाकं बघूनच कळलं होतं गं आम्हाला. शिवाय भाजी रोज एकच." मग अहवालातली ती ओळ काढून तिथे माझी चूक लिहिली, सही केली आणि अहवाल साहेबांना दिला. सुपरवायझरने तुझी जागा महिनाअखेरपर्यंत ठेवली आहे. यायचं की नाही ते तू ठरव. मी ये म्हणणार नाही, तो तोरा आता माझ्याकडे उरला नाही.

स्टोअरमधून तुझा जुना कीबोर्ड शोधला, अक्षरं पुसलेला. तुझ्या मनगटांना तो चांगला नाही, हे खरं आहे. चांगला कुठला, ते मात्र तुझ्या हातांना विचारल्याशिवाय कळणार नाही. तोवर हा जुनाच पुसून सात नंबरला जोडून आले. आणि यादीत तुझ्या नावापुढचं "माहीत आहे" खोडून टाकलं.

ऑफिसातही तुला ताईच म्हणणारी,
तुझी धाकटी