दानेश्वरीच्या यकृतातील तांबे व माझा जबाब

प्रति,
मा. कार्यकारी दंडाधिकारी साहेब,
कागल, जि. कोल्हापूर.

अर्जदार : शिवय्या गुरुपादय्या हिरेमठ, वय ५४, धंदा शेती औषधांचे दुकान, रा. मुरगूड, ता. कागल.

विषय : मयत मुलीच्या कागदांतील 'विषप्रयोगाचा संशय' हा शेरा व माझा जबाब रद्द होणेबाबत.

संदर्भ : माझा दि. १५/१०/२००१ रोजीचा जबाब.

महोदय,

वरील विषयी नम्रपणे सादर करतो की,

१) माझी थोरली मुलगी दानेश्वरी, वय १६, हिला ऑगस्ट २००१ मध्ये कावीळ झाली, पोट फुगले व दि. ९ सप्टेंबर रोजी कोल्हापुरातील दवाखान्यात ती वारली. आजारापूर्वी लग्न जमवण्यावरून तिचे आईशी मोठे भांडण झाले होते. ते गल्लीने ऐकले होते.

२) शवविच्छेदनानंतर तिच्या यकृतात तांबे फार जास्त आढळले. माझ्या दुकानात पानमळ्यावर फवारायचे मोरचूद असते, ते तांब्यापासूनच होते. त्यावरून माझी पत्नी अक्काताई हिची सहा वेळा चौकशी झाली. पुरावा मिळाला नाही. शेरा मात्र राहिला.

३) लिहिण्यास लाज वाटते, तरी लपवत नाही. मीही तिला विचारले होते, "दुकानातलं काय दिलंस काय तिला?" ती म्हणाली, "अवो, माज्या पोरीला म्या इख घालीन व्हय?" तरीही मी जबाबात लिहून दिले की, 'पत्नीबाबत मला खात्रीने काही सांगता येत नाही.' जबाब मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा अक्काताई शेजारच्या बाकावर होती. तिने पदर नीट केला, एवढेच.

४) त्या दिवसापासून धाकटी सुष्मिता हिला तिने आपल्या हाताने वाढले नाही. भाकरी करून बुट्टीत ठेवी व लांब बसून म्हणे, "तुजं तू घे बाळा." असे सुमारे साडेतीन वर्षे चालले. दि. २/३/२००५ रोजी ती हृदयविकाराने वारली.

५) त्याच वर्षी सुष्मिताच्या बुबुळांच्या कडेला तपकिरी कडे दिसले. तपासणीत विल्सन नावाचा दुर्मिळ आनुवंशिक आजार निघाला. यात अन्नातले तांबे बाहेर न पडता यकृतात साचत जाते. हा दोष आई व बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणजे निम्मा माझाही होता.

६) दानेश्वरीच्या यकृताचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला होता. तो मागितला असता एका कार्यालयाने रुग्णाची संमती मागितली. मी मृत्यूचा दाखला जोडला. 'रुग्णाने समक्ष हजर राहावे,' असे लेखी उत्तर आले. नेमल्या दिवशी मी तिचा फोटो घेऊन तेथे संध्याकाळपर्यंत बसलो. अखेर सुष्मिताच्या डॉक्टरीण बाईंनी खटपट करून वडी परगावच्या प्रयोगशाळेत पाठवली.

७) तेथे पातळ काप काढून, तांबे कोठे किती आहे याचा रंगीत नकाशा केला. अहवाल असा की, यकृतात जुन्या गाठी असून तांबे गाठीगाठीत कमीजास्त, वर्षानुवर्षे साचलेले आहे. एकाएकी पोटात गेलेल्या विषाचे हे लक्षण नाही. बाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "ती लहान असल्यापासूनचं आहे हे. कुणी काही दिलेलं नाही." सांगायला घरी अक्काताई नव्हती.

८) सुष्मिताचे औषध चालू असून तिची तब्येत ठीक आहे.

तरी शेरा काढून मृत्यूचे खरे कारण नोंदवावे व माझा जबाब रद्द करावा, ही विनंती. दिलेला जबाब मागे घेता येत नाही, असे समजते. तसा नियम असल्यास त्या वाक्याखाली 'हे म्हणणे खोटे ठरले, चूक नवऱ्याची' असे लिहून माझी सही घ्यावी. आदेशाची प्रत कै. सौ. अक्काताई शिवय्या हिरेमठ यांच्या नावे काढावी. चौकशी तिची झाली होती. ती हयात नाही, हे मला ठाऊक आहे. पोच मी देईन.

आपला विनीत,
(सही)
शिवय्या गु. हिरेमठ
मुरगूड, दि. २०/११/२००६

सोबत : १. प्रयोगशाळेचा अहवाल व नकाशा. २. दोन्ही मृत्यूंचे दाखले. ३. माझ्या जबाबाची नक्कल.