तालमीच्या मातीतला अनंत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
महानगरपालिका उद्यान विभाग,
कोल्हापूर.

विषय : छाटणी करून नव्या मातीत लावलेल्या अनंताच्या झाडास जीवदान मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास आपल्या बागेतील तसेच झाड रविवारपूर्वी उसने मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या माळीबुवांनी मला फाटकाबाहेर काढताना दिलेला तोंडी सल्ला, "सायबास्नी अर्ज द्या."

महोदय,

खालील मजकुरावर आपला विश्वास बसणार नाही. माझ्या बोलण्यावर आमच्या गल्लीत आजवर कोणाचाच बसलेला नाही. तरीही सविनय सादर करतो की,

१. अर्जदाराच्या परसात अनंताचे झाड आहे. अर्जदाराची पत्नी सौ. चिमणाबाई हिने लग्नानंतर मुरगूडच्या माहेरातून फांदी आणून ते लावले. भरात असताना त्याचा वास पन्हाळ्यापर्यंत जाई. भिंतीपलीकडे शेजारी कृष्णात याची म्हैस असे. तिच्या दुधाला अत्तराचा वास येतो म्हणून डेअरीने ते परत केले. एकदा चोर भिंतीवरून उतरला आणि वास घेत तिथेच बसला, तो सकाळी आमच्याकडे चहा पिऊन गेला. माहेरचे मूळ झाड रस्ता रुंदीकरणात गेले. त्यामुळे आता हे एकच उरले आहे, एवढे मात्र शब्दशः खरे आहे.

२. फेब्रुवारीत गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सौ. मुलगी स्नेहल हिच्याकडे वारणानगरला गेली. जाताना, "झाडाला फकस्त पानी घाला, दुसरं काय बी करू नका," असे तिने बजावले होते. तथापि पाने पिवळी पडू लागल्याने काहीतरी करणे भाग पडले. एका बाजूच्या फांद्या छाटल्या. मग दुसरी बाजू उंच दिसू लागली, म्हणून ती छाटली. मग पहिली उंच दिसू लागली. अशा रीतीने झाड अर्जदाराच्या गुडघ्याइतके झाले.

३. त्यास ताकद यावी या शुद्ध हेतूने ते मुळासकट उपटून तालमीच्या तांबड्या मातीत लावले. वस्ताद आण्णा यांनी माती देताना, "बंडूतात्या, ह्यात हळद हाय, ताक हाय, तेल हाय. झाडाला काय मैदानात उतरवायचंय व्हय?" असे विचारले होते. परंतु ज्या मातीत पोरांच्या मांड्या खांबासारख्या होतात, तिथे एका झाडाचे काय अडणार, असे वाटले. लावताच झाडाने शेजारची तुळस आडवी पाडली. (ती मांजराने पाडली असे कृष्णात म्हणतो.) त्यानंतर मात्र सगळी पाने गळाली. आता काटक्या आहेत.

४. सौ. रोज फोनवर विचारते, "कळी आली का?" पहिल्यांदा एक आली म्हणून सांगितले. पुढे एकीवर थांबता येईना. फुलांच्या वजनाने फांदीला टेकू दिल्याचे सांगितल्यावर तिने फोटो मागितला. नाइलाजाने आपल्या बागेतील बहरलेल्या अनंताशेजारी उभे राहून फोटो काढून पाठवला.  तो पाहून ती म्हणाली, रविवारी येते.

५. झाड मेले, असे माळीबुवांचे मत आहे. परंतु आज सकाळी नखाने साल खरवडली असता आत हिरवे दिसले, हे शपथेवर नमूद करतो. सबब एखादा जाणकार तातडीने पाठवावा. अथवा आपले झाड थोड्या दिवसांसाठी आमच्या परसात लावू द्यावे. पाणी अर्जदार घालील. कात्री कृष्णातच्या घरी ठेवली आहे.

आपला नम्र व आपल्या माणसाची वाट पाहत दारात बसलेला,
बंडू राऊ चौगले
दि. २ मे २०२५

सोबत : १) फोटो (झाड आपले, माणूस मी). २) मातीची पुडी.

ता. क. : कलम ५ मधील हिरव्याचा उल्लेख रद्द समजावा. सही करून अर्ज मोठ्याने वाचून पाहत होतो. सौ. आजच आली आणि उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती, हे शेवटपर्यंत कळले नाही. "फोटूत मागं 'फुले तोडू नयेत' अशी पाटी हाय, ती आपल्या परसात कवा लावली?" एवढेच तिने विचारले. मग काठी टेकत मागे गेली. एकेक काटकी नखाने खरवडत बुंध्यापर्यंत आली, आणि तिथूनच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अवो, ह्यात हिरवं कुठं हाय?"