व्यासंगावरच्या व्याख्यानाची तयारी

३ जून
कॉलेजात 'व्यासंग म्हणजे काय' यावर माझं व्याख्यान ठरलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, तुमच्याशिवाय आहे कोण? खरंच, कोण आहे? उद्यापासून पहाटे उठून वाचन. मोबाइल पूर्ण बंद.

४ जून
मोबाइल बंद, त्यामुळे अलार्म वाजलाच नाही. उठल्यावर टेबल आवरलं. सुरुवात तर झाली.

७ जून
बाबांची नजर पार गेली. डॉक्टरांनी हात टेकले. जन्मभर पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस आता दिवसभर खिडकीपाशी नुसता बसून असतो. मला बघवत नाही. म्हणून त्या खोलीत फारसा जात नाही.

८ जून
बाबांनी उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. आज म्हणाले, त्यातलं शेवटचं प्रकरण वाचून दाखव, विसरायला लागलोय. म्हटलं, व्याख्यान होऊ दे, मग निवांत. मला ते पुस्तक तोंडपाठ आहे. माझ्या प्रबंधात त्याचे किती दाखले आहेत! (इतरांच्या लेखांतून उचललेले. पण दाखले ते दाखलेच.) मला दिलेली प्रत अजून कोरी करकरीत आहे. इतकी जपलीय.

११ जून
ही म्हणाली, व्यासंगावर बोलणार आणि घरातलं पुस्तक उघडणार नाही? हिला संशोधनातलं काय कळतंय! मुरलेलं ज्ञान सारखं उघडून बघायचं नसतं. वा! हे व्याख्यानात घालायचं.

१३ जून
वाचन राहिलं. कोणता कोट घालायचा यात दिवस गेला.

१४ जून
व्याख्यान दणक्यात. 'मुरलेलं ज्ञान'वर टाळ्या. हिने बाबांना हात धरून पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांच्या पुस्तकाबद्दल बोलताना मी दोनदा चष्मा पुसला. घरी आल्या आल्या बाबा म्हणाले, आता वाचतोस?

१५ जून
संध्याकाळी पुस्तक घेऊन बाबांसमोर बसलो. बाबांच्या हौसेखातर छापखान्याने जुन्या पद्धतीने पानांच्या कडा जोडलेल्याच ठेवल्या होत्या. वाचणाऱ्याने सुरीने कापत पुढे जायचं. माझ्या प्रतीत एकही कड कापलेली नव्हती.

चोरपावलांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली. हलक्या हाताने शेवटच्या प्रकरणाची पहिली कड कापली. बाबांनी विचारलं, कसला आवाज? म्हटलं, पंख्याने पान फडफडतंय.

बाबा हात पुढे करून म्हणाले, कागद जुना आहे, फाटेल. आण इकडे. मी धरतो, तू काप.