तिसरा खांब

भवानी पेठ, सोलापूर
२ एप्रिल २०२५

चि. सौ. यशोदेस, दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन कानाला लावून मी नुसतंच बरं बरं म्हणतो, हे तू ओळखलं आहेसच, म्हणून हे पत्र. तुझा हृषीकेश कामानिमित्त आला होता. इंजिनिअर भाचा आयता सापडला म्हणून त्याला छपरावर चढवलं. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, त्यामुळे सकाळी सातलाच शिडी लावली. पत्रे घट्ट आहेत, अजून दहा वर्षं काढतील, असं तो म्हणाला. मला बरं वाटलं. सगळे स्लॅब टाका म्हणून मागे लागले आहेत.

तुला आठवत असेल, साडेसहाला ऊन उतरलं की पत्रे आकसताना टणटण वाजायचे आणि तुझी वहिनी त्या आवाजावर चहा टाकायची. ती गेली, पाठोपाठ माझे कानही गेले. आता त्या वेळी मी ओसरीतल्या लोखंडी खांबांना तळहात लावतो. ठोका हाताला कळतो, मग चहा टाकतो. स्लॅब असा वाजायचा नाही.

पुढच्या खोलीतली भाडेकरू अक्कम्मा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करते आणि दिवसभर झोपते. सकाळी आल्यावर न चुकता गरम भाकरी आणून देते. माझी काळजी करू नये.

तुझा,
दादा

सांगली
९ एप्रिल २०२५

ती. दादास, यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

हृषीकेशला चांगलंच फैलावर घेतलं. सकाळच्या गारव्यात सगळेच पत्रे शहाण्या मुलासारखे बसलेले असतात. ते उन्हात फुगल्यावर बघायचे असतात, एवढं कॉलेजात शिकवलं नाही वाटतं. तुमच्याकडे दुपारी बेचाळीस आणि संध्याकाळी गारा, असं पेपरात वाचलं. रोज फुगायचं, रोज आकसायचं, त्यात मधेच गार पाण्याचा मारा. लोखंड झालं तरी किती सोसेल?

माहेरपणाला आले की मी ओळीने खांबांना कान लावायची. तिन्ही वाजायचे. दादा, अजून तिन्ही वाजतात का? नको असलेला प्रश्न गाळून उत्तर लिहायची तुझी जुनी खोड आहे, तेवढी या खेपेला सोड. भावावर ओरडायचा हक्क मी सासरी येतानाही सोबत आणला आहे.

तुझी,
यशोदा

सोलापूर
१७ एप्रिल २०२५

चि. सौ. यशोदेस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा दुपारी बाराला मिळालं. तिसरा खांब, अक्कम्माच्या खोलीबाहेरचा, होळीपासून मुका आहे. हृषीकेश आला तेव्हा मला ते ठाऊक होतं. स्लॅब नको होता, म्हणून बोललो नाही.

पत्र वाचून लाज वाटली. हाताला फडकं गुंडाळून शिडी चढलो. अक्कम्माच्या बाजूला स्क्रूची भोकं करंगळी जाईल एवढी झाली होती आणि रबरी वॉशरचा बोटात भुगा झाला. पत्रा सुटत आला होता, म्हणून ठोका खांबात उतरत नव्हता. उतरून तिला उठवलं. लई झोप हाय, संध्याकाळी बघू की, असं तिच्या ओठांवरून समजलं. मी ओरडलो. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, फार मोठा असावा. ती उशी घेऊन मुकाट आतल्या खोलीत आली.

चारला वारा सुटला आणि गारा पडल्या. मला काही ऐकू आलं नाही. अक्कम्मा येऊन समोर उभी राहिली, तिचा चेहरा बघून उठलो. तिच्या खाटेवर, उशाच्या बाजूला, अख्खा पत्रा पडला होता.

पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तर, हा विचार मी करत नाही, असं लिहिणार होतो. पण करतो. हृषीकेशला बोल लावू नकोस.

दादा

सोलापूर
२४ जून २०२५

चि. सौ. यशोदेस, अनेक आशीर्वाद.

स्लॅब झाला. हृषीकेशने या खेपेला दुपारी दोनला वर उभं राहून काम बघितलं. आता वर चुन्याचे दोन हात दिले आहेत. ते दर उन्हाळ्यात द्यायचे, नाहीतर याच तापण्या-निवण्याने स्लॅबलाही तडे जातात, असं तो सांगतो. अक्कम्मा तिच्या खोलीत परतली. खोली गार असते, ती गाढ झोपते.

ओसरीत आता सिमेंटचे खांब आहेत. काल साडेसहाला सवयीने तिसऱ्यावर हात ठेवला. काहीच नाही. थोडा वेळ तसाच ठेवला. मग घड्याळ बघून चहा टाकला. अक्कम्माची पाळीवर जायची वेळ झाली होती, म्हणून दोन कप.

तुझे प्रश्न अडचणीचे असतात, तरी विचारत जा.

तुझा,
वेणीमाधवदादा