खंडेनवमीला पुजलेला लॅपटॉप

३ ऑक्टोबर, शुक्रवार
झालं ते, क्रमाने:
१. बुधवारी खंडेनवमी. काम संपवून लॅपटॉप टेबलावर ठेवला, झेंडू आणायला पारनेरच्या बाजारात गेले.
२. परत आले तोवर अण्णांनी दुकानातल्या हत्यारांची पूजा मांडली होती. मोटार भरायचं वाइंडिंग मशीन, पकडी, मीटर, सोल्डरिंगची कांडी. रांगेत शेवटी माझा लॅपटॉप, झाकण उघडून.
३. कीबोर्डवर हळद, कुंकू, अक्षता, एक फूल. वर पळीभर पाणी.
४. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवत नाहीत. मीही हलवलं नाही.
५. काल सोनं वाटून झाल्यावर उचलला, पुसला. आज सुरू केला. तासाभराने ए, एस आणि एंटर बंद. सातचा आकडा मधूनच आपोआप उमटतो.

क्रमांक चार चुकलं. ताबडतोब बंद करून पालथा घालायचा असतो, हे मला माहीत होतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं. अण्णा रांगेसमोर उभे होते. म्हणाले, "तुझं बी हत्यार हाय ना ते."
इतके दिवस ते "कंप्युटरवर बसणं" होतं.

पूजा दरवर्षी आई करायची. यंदा पहिल्यांदाच अण्णांनी केली. किती पाणी, कुठे, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसणार.

४ ऑक्टोबर, शनिवार
बाहेरून जोडायचा कीबोर्ड आणला. दुकानात एकच होता, ब्लूटूथचा. घरी आल्यावर लक्षात आलं: कंपनीच्या लॅपटॉपला सुरू होतानाच एक पासवर्ड लागतो, आणि ब्लूटूथ त्यानंतर जोडलं जातं. पासवर्डमध्ये ए दोनदा. म्हणजे बंद दाराची किल्ली आत, घरात.
हे विकत घेण्याआधी सुचायला हवं होतं. परत करायला गेले तर "खोका फोडलाय मॅडम".

शेजारच्या सेतू केंद्रातल्या शकीलभाईंनी वायरचा जुना दिला. अक्षरं पुसलेली, कडेला मराठीचे स्टिकर.
"घेऊन जा ताई, पण स्पेसबार जरा रुसका आहे. कोपऱ्यात दाबायचा."
तिसऱ्या प्रयत्नात पासवर्ड लागला. सात मात्र चालूच. बाहेरचा जोडला म्हणून आतला गप्प बसत नाही. आतला बंद करायचे अधिकार कंपनीच्या आयटीकडे, माझ्याकडे नाहीत.

६ ऑक्टोबर, सोमवार
बाहेरचा कीबोर्ड लॅपटॉपवर ठेवला तर खालची बटणं दाबली जातात. पुढे ठेवला तर स्क्रीन हातभर लांब. शेवटी लॅपटॉप पिठाच्या डब्यावर, कीबोर्ड मांडीवर. मान आखडली.
अण्णा चहा घेऊन आले. "पेटी वाजवाया बसलीस काय?"
मी हसले नाही. कप ठेवून ते दुकानात गेले.

आयटीला कळवलं. उत्तर: लॅपटॉप पुण्यात आणून द्या.

८ ऑक्टोबर, बुधवार
वाईट दिवस.
मी सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या चुका शोधून कळवते. परवा एक चूक कळवली होती: ऑर्डरच्या रकान्यात तीन टाकले तर सदतीस होतात. ज्याचं काम त्याने पूर्ण दिवस शोधलं. चूक त्याची नव्हतीच. माझा सात.

टीम लीड केतकी मॅडमचा फोन. आवाज नेहमीसारखा, शांत. तोच अवघड.
"मनीषा, नक्की काय झालंय मशीनला?"
"पाणी सांडलं."
"तुझ्याकडून? घरातल्या कुणी हाताळलं नाही ना? ते असेल तर विषय वेगळा होतो, तुला माहितीये."
"माझ्याकडून."

माहितीये. कंपनीचा लॅपटॉप घरातल्या दुसऱ्या कुणी उघडला तर घरून काम करायची परवानगी रद्द. आई गेल्यावर मला ती मिळाली. दिवाळीआधी तिचा फेरविचार आहे. मी पुण्यात गेले तर इथे अण्णा एकटे. बी.पी.ची गोळी घेतली का विचारलं तर "घेतली आसंल" म्हणणारे.

११ ऑक्टोबर, शनिवार
नगर. पुण्याला देण्याआधी इथे दाखवून घ्यायला. अण्णा बरोबर आले, नको म्हटलं तरी. "मला बी वाइंडिंगचं तांबं घ्यायचंय." घेतलं नाही.

दुरुस्तीवाल्याने ए-चं बटण उचकटलं, चिमट्याने खालून काहीतरी काढलं आणि काचेवर ठेवलं. पिवळा तांदूळ.
"मॅडम, चहा रोज बघतो, कॉफी बघतो. अक्षता पहिल्यांदाच. लग्न लावलं का ह्याचं?"
मी अण्णांकडे पाहिलं नाही.
त्याचं म्हणणं: ह्या मॉडेलचा कीबोर्ड सुटा बदलत नाही, वरचं अख्खं पॅनेल बदलावं लागेल. मिळेल. तोपर्यंत कीबोर्ड जोडणारी आतली पट्टी काढून ठेवली तर सात थांबेल, बाहेरच्यावर काम चालेल. पण खाली कंपनीचं सील आहे. "फाडू?"
"नको."
लेखी परवानगीशिवाय नाही. घेऊन निघालो.

एस.टी.त अण्णा खिडकीशी. सुपा मागे पडल्यावर म्हणाले,
"सांगायचं हुतं की त्याला."
"काय सांगायचं?"
"माज्याकडं जळकी मोटार घेऊन गिऱ्हाईक येतं. काय केलं विचारलं की, कायच न्हाई, आपोआप बंद पडली. तसलीच तू."
मग मीही बोलले. "तुम्ही सोल्डरिंगच्या कांडीला पाणी लावता का? नुसतं फूल वाहिलंत तिला."
"त्यात वीज असती."
"आणि ह्यात?"
"ह्यात बॅटरी हाय."
पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. पारनेरला उतरताना पिशवी अण्णांनी घेतली, लॅपटॉप मी.

१२ ऑक्टोबर, रविवार
दुकान बंद असतं, तरी अण्णा तिथेच. जेवायला बोलवायला गेले. रिकाम्या मशीनचं हँडल फिरवत बसले होते.
"तुला पुन्याला जावं लागंल का?"
"मॅडमना खरं सांगितलं तर कदाचित. अजून ठरलं नाही."
"मंग खरं कशाला सांगती त्यांना? सांडलं म्हन."
"काल एस.टी.त काय म्हणालात?"
"ते गिऱ्हाइकाचं, मने. तू काय गिऱ्हाईक हायस का?"
भाजी करपली होती. मी केली होती. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मॅडमना खरं सांगायचं की नाही, दिवसभर दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. न सांगण्याची बाजू मोठी झाली. पण पॅनेल नगरला उघडलं काय नि पुण्याला, आत तांदूळ निघणार. आणि त्या मुलाचा वाया गेलेला दिवस अजून त्याच्याच नावावर आहे.
हे कारण पुरेसं आहे का, माहीत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
मेल. आधी इथे मराठीत, मग इंग्रजीत करायचा. टाइप करायला शकीलभाईंच्या केंद्रात बसणार, सात नको.

केतकी मॅडम,
बुधवारी फोनवर मी सांगितलं ते चूक होतं. लॅपटॉपवर पाणी माझ्याकडून सांडलेलं नाही. १ ऑक्टोबरला खंडेनवमीच्या पूजेत वडिलांनी तो इतर हत्यारांबरोबर ठेवला आणि त्यावर हळद-कुंकू, अक्षता, पाणी वाहिलं. त्यांनी झाकण उघडलं, पण लॅपटॉप लॉक होता. आत काही पाहिलेलं नाही. मी पाहिल्यावर लगेच बंद केला नाही, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. जास्त नुकसान त्याने झालं, ती जबाबदारी माझी.
ऑर्डरच्या रकान्याची मी कळवलेली चूक चूक नव्हती. तो माझ्या कीबोर्डचा सात होता. तसं नोंदवून ती मागे घेतली आहे.
दोन गोष्टी कळवाव्यात. एक, नगरमध्ये सील काढून कीबोर्डचं पॅनेल बदलून घेऊ का. दोन, माझी घरून काम करायची परवानगी राहते का.
उत्तर 'नाही' असं असलं तरी चालेल, पण गुरुवार, १६ ऑक्टोबरपर्यंत द्यावं ही विनंती. पुण्याला यायचं ठरलं तर वडिलांच्या जेवणाची आणि गोळ्यांची सोय मला दिवाळीआधी लावावी लागेल.
मनीषा