तिरका काप

माय, उंदराच्या मूत्रपिंडातली गाठ कशी मोजतात हे तुला सांगायला बसलेय. हसू नकोस. तुझी लेक सभा गाजवते एवढंच तुला ठाऊक. परभणीत ती प्रयोगशाळेतल्या उंदरांची सोनोग्राफी करते, हे तू गेल्यानंतरचं.

गाठीवरचं औषध लागू पडतंय का, हे बघायला पूर्वी दर टप्प्याला काही उंदीर मारायचे आणि मूत्रपिंड बाहेर काढायचे. मी भर बैठकीत उभी राहिले. आत बघायला डोळा असताना सुरी कशाला, म्हणाले. एकच जीव आठवड्यामागून आठवडे बघता येतो, त्याची आजची गाठ त्याच्याच मागच्या गाठीशी ताडता येते. ज्ञानासाठी जीव घ्यायचा तर 'घ्यावाच लागला' असं छातीवर हात ठेवून म्हणता आलं पाहिजे. सवयीनं घेतलेला जीव हे ज्ञान नव्हे, आळस आहे! टेबलावर मूठही आपटली. तू असतीस तर पदर ओढून खाली बसवलं असतंस. पण ऐकलं त्यांनी.

या मंगळवारी औषध चालू असलेली एक उंदरीण तपासायला घेतली. गुंगी दिलेली, ऊबदार पाटीवर निजवलेली, कुशीवरचे केस काढलेले. वर लावायचं जेलसुद्धा आम्ही कोमट पाण्यात ठेवतो, एवढासा देह गारठतो म्हणून. माझा येलदरीकडचा सहकारी मोजत होता. मोजता मोजता त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम, लय वाढली. हद्दीच्या पुढं गेली."

हद्द म्हणजे, त्यापुढं तिला यातना होऊ द्यायच्या नाहीत. त्याच दिवशी कायमचं झोपवायचं. आणि तिच्याबरोबर औषधाची आशाही जाणार होती.

"सुई भरू का?" त्यानं विचारलं.

मी पडद्यावरच्या त्या लांबट गाठीकडे बघत राहिले, आणि एकदम सोनपेठचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. बाजारचा दिवस आहे. पाहुणे वाढलेत, काकड्या मोजक्या. मी विळीवर बसून कुठल्याशा पुस्तकातलं तत्त्वज्ञान तुला ऐकवतेय आणि काकडी सरळ चिरतेय. तू खेकसतेस, "तोंड लय चालतंय तुजं! तिरकी धर की. तिरकी चिरली की चकती लांब व्हती, ताट भरल्यावानी दिसतंय."

"माय, ही फसवणूक हाय."

"फसवणूक न्हाई, पाहुणचार हाय. चीर गुमान."

"थांब," मी त्याला म्हणाले. उंदरीण पाटीवर किंचित कलंडली होती. पडद्यावर दिसत होता तो तिरका काप. तिला नीट निजवलं, मूत्रपिंडाची सरळ रेघ सापडेपर्यंत यंत्राची दांडी हळूहळू फिरवली, आधी उभं मोजलं, मग आडवं. मागच्या वेळची चित्रं उघडून बघितली. ती सरळच घेतलेली होती. गाठ मागच्यापेक्षा लहान होती, माय. लहान!

"कमी झाली, मॅडम!"

"परत मोज. मग नाच."

"मोजायलोय अन् नाचायलोय बी!"

काकडीची गोष्ट सांगितली तर हसत म्हणाला, "आमची माय बी तेच करती." सुई रिकामीच राहिली. एका उंदरिणीवरून औषध सिद्ध होत नाही. तसं कुणी मंचावरून ओरडला तर मीच त्याला खाली खेचीन. पण त्या दिवशी दिवसभर मी गुणगुणत होते.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकते. कधीतरी तिचाही शेवट आमच्याच हातून व्हायचा आहे, आणि तो का, हे मी कुठल्याही सभेत ठासून सांगेन. पण काल सुट्टी होती, तपासणी नव्हती, काहीच काम नव्हतं. तरी गेले. ती दाणे कुरतडत बसली होती. बराच वेळ नुसती बघत उभी राहिले, आणि कुणाला न सांगता घरी आले.