लाखोळीवरचा लेख

हैदराबाद, ८ मार्च १९७९

तीर्थस्वरूप तेजरामदादा,

तुलारामचा नमस्कार. मी इथे मजेत आहे, जेवणही आता सोसते.

रोज लाखोळीची डाळ खाल्ल्याने पाय लुळे पडतात, हा माझा लेख अखेर छापून आला. "शेतकरी चिडतील," म्हणून संस्थेतले वरचे साहेब अडवून बसले होते. माझ्या विभागाच्या प्रमुख बाई त्यांना म्हणाल्या, "आकडे खरे आहेत, दाबायचे नाहीत. फक्त माणसांची ओळख उघड करायची नाही." त्यांचे उपकार मोठे.

आणि तुमचे. आपल्या साकोलीत माझ्याकडून पाय तपासून घ्यायला कोणी येईना, तेव्हा तुम्हीच काठी टेकत पुढे आलात. "मले पाहून लिव, लाजू नोको," म्हणालात.

गावात कोणी तुम्हाला बोलत तर नाही ना? माय अजून तेच वरण खाते का?

लेखात तुम्ही फक्त 'रुग्ण पहिला' आहात. सोबतच्या प्रतीवर मी तुमचं नाव हाताने लिहिलं आहे.

तुमचा धाकटा,
तुलाराम